अण्णांचा रुसवा

अण्णा रुसले आहेत, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

रुसण्यात अण्णांचा हात धरणारा माणूस अख्ख्या शिराळ्यात सापडला नसता. यशवंत नांगरे हे त्यांचं नाव घेतलं की जुन्या खो-खोपटूंच्या कानात अजून शिट्टी वाजायची. उभी हयात त्यांनी पोरापोरींना पळायला आणि हुलकावणी द्यायला शिकवलं होतं. एकदा पंच म्हणून उभ्या राहिलेल्या सख्ख्या भावाने त्यांच्या संघाविरुद्ध निर्णय दिला, तर पुढची दिवाळी येईपर्यंत अण्णा त्याच्याशी बोलले नव्हते. त्यामुळे मंडळाने मातीच्या मैदानावर मॅट अंथरायचं ठरवलं, अण्णांनी केलेला विरोध कुणी मोजला नाही आणि त्यानंतर अण्णांनी मैदानाकडे जाणं सोडलं, तेव्हा सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला.

आधी मैदान सुटलं, मग बाजार सुटला. मग अण्णा दिवसभर पुढच्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहू लागले. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की विचारणारा निघून गेलेला असे.

त्यांची एकुलती एक मुलगी शाल्मली घोडजाई धरणावर इंजिनियर होती. लग्न केलं नव्हतं आणि त्यावर घरात आता कुणी बोलतही नव्हतं. धरणाच्या वसाहतीतून शिराळा जीपने अर्ध्या तासावर, म्हणून ती दर रविवारी घरी यायची. त्या रविवारीही आली होती.

"अण्णा, पानं वाढलीत," तिने दारातून हाक दिली.

अण्णांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. तिने वरण वाढलं, लिंबू चिरलं, पुन्हा बाहेर येऊन पाहिलं. ते खुर्चीचे हात धरून तसेच बसलेले, नजर जमिनीकडे.

"अण्णा, भात निवला."

"येतो," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. आले नाहीत.

शाल्मलीचा तोल गेला. "मॅट अंथरली म्हणून जग बुडालं नाही. दीड वर्ष झालं हे नाटक चाललंय. तुमच्या रुसव्यापायी आईची फरफट होतेय, ती दिसत नाही तुम्हाला?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. पण शब्द बाहेर येईपर्यंत ती वळून स्वयंपाकघरात गेली होती.

"असू दे गं," आई हळूच म्हणाली. "वय झालं. दुसरं काय."

*

घोडजाई धरणाच्या पोटातून एक लांबलचक बोगदा जातो. त्याला निरीक्षण गॅलरी म्हणतात. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर दिव्यांची रांग, आणि भिंतीपलीकडे अथांग पाणी. त्या भिंतीत कुठे नवी भेग पडली आहे का, ओल आली आहे का, हे पाहणं शाल्मलीचं काम.

फोटो काढायला रुळांवरून फिरणारे कॅमेरे होते आणि ते फोटो तपासायला यंत्रबुद्धी होती. पण ती शिकली होती आजवर पडलेल्या भेगांवरून. जी भेग तशी दिसत नसे ती तिच्या लेखी भेगच नसे. माणसांची गत त्याहून वेगळी नव्हती. रोज तीच भिंत पाहून पाहून नजर तिच्यावरून नुसती घसरायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी 'निरपेक्ष' आली.

ती आणली मेंदूशास्त्रज्ञ डॉ. नूरजहाँ मुजावर यांनी. बाई मूळच्या मिरजेच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या इंजिनियरांना समोर बसवलं आणि विचारलं, "जिना चढताना वीज गेली आणि पायऱ्या संपल्यावरही आणखी एक आहे असं समजून पाय टाकलात, असं कधी झालंय?"

सगळ्यांचंच झालं होतं.

"पाय आपटतो, काळजात धस्स होतं. आता मला सांगा, ती जास्तीची पायरी होती कुठे? तुमच्या डोक्यात. आणि डोक्यात फक्त तीच नव्हती, आधीच्याही सगळ्या होत्या. त्या बरोबर निघाल्या म्हणून कळलं नाही, इतकंच."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं, डोळे कॅमेऱ्यासारखे जग टिपतात आणि मेंदू ते बघत बसतो. खरं काम बरंचसं उलटं चालतं. मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो: इथे दार आहे, इथे आई आहे, आता ती हसणार आहे. डोळ्यांकडून तो मुख्यत्वे तक्रारी मागवतो, की माझ्या अंदाजात न बसणारं काही असेल तर तेवढं सांगा. तक्रार मोठी असली तर अंदाज बदलतो. पण अंदाज वर्षानुवर्षांचा, पक्का मुरलेला असेल, तर लहानसहान तक्रारींची कुरकुर त्याच्या कानावरच जात नाही.

"म्हणजे आपण जग बघतच नाही?" कुणीतरी विचारलं.

"बघतो हो. पण बहुतेक वेळा आपण आतल्या नकाशावर बाहेरच्या जगाने केलेल्या दुरुस्त्या बघतो. माझे काही सहकारी हेही मानत नाहीत. त्यांच्या मते डोक्यात नकाशा वगैरे काही नसतो, अंग थेट जगाशी व्यवहार करतं. आमची भांडणं चालू आहेत. पण पट्टी बांधल्यावर काय होतं, त्याबद्दल मात्र भांडण नाही."

पट्टी म्हणजे कपाळाभोवती बसणारं एक हलकं कडं. त्यातून निघणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूच्या नेमक्या थरांवर जाऊन अंदाजांचा आवाज कमी करत. मग उरे ते डोळ्यांना दिसणारं, अपेक्षेशिवायचं. म्हणून नाव निरपेक्ष.

नियम कडक होते. पट्टी थोडाच वेळ बांधायची. काढल्यानंतर 'ओळखीच्या खोलीत' बसायचं, जिथे प्रत्येकाच्या कप्प्यात त्याच्या रोजच्या वस्तू असत. चहाचा कप, घरचा टॉवेल, आवडत्या माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज. अंदाज मूळ जागी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. घरी तर मुळीच जायचं नाही.

शाल्मलीला पट्टी आवडायची, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बांधल्यावर पहिल्यांदा दिवा हा दिवा राहायचा नाही, नुसता पिवळा भडका व्हायचा. स्वतःचा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा वाटायचा. मग हळूहळू भिंत बोलू लागायची. एरवी जी नुसती करडी, तिच्यात शेकडो रंग दिसायचे.

त्या गुरुवारी तिला एका दिव्याच्या खुंटीमागे केसाएवढी ओली रेघ दिसली. आजवरच्या भेगांसारखी उजवीकडे न झुकता ती सरळ खालून वर चालली होती. असली भेग कुणी पाहिली नव्हती. तिने खडूने खूण केली, तिचा माग काढत ती पुढे पुढे गेली, आणि पट्टीची वेळ संपून गेल्याचं तिला कळलंच नाही. मदतनिसाने हाका मारून तिला बाहेर आणलं.

ओळखीच्या खोलीत ती जेमतेम टेकली असेल, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"मॅडम, घरून फोन आहे. अण्णा न्हाणीघरात पडलेत."

ती उठली. नियम आठवला होता, पण पाय थांबले नाहीत.

*

जीप धरणावरचा ड्रायव्हर संकपाळ चालवत होता. शाल्मलीने रस्ताभर डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले की झाडं अंगावर येत होती. गाडी थांबली तेव्हा ती उतरली आणि समोरच्या घराकडे बघत उभी राहिली. ते आपलं घर आहे हे तिला ठाऊक होतं, जसं एखाद्या गावाचं नाव आपल्याला ठाऊक असतं. आपलं मात्र वाटत नव्हतं.

दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पदराने डोळे पुसत होती. "आलीस? कसंबसं उठवून बसवलंय बघ. शेजारचे आले म्हणून बरं."

ही आई, शाल्मलीने स्वतःला बजावलं. पण त्या चेहऱ्यातून आई काही बाहेर येईना. नाक, सुरकुत्या, ओले डोळे, सगळं सुटं सुटं दिसत होतं.

"काय गं? अशी का बघतेस?"

"काही नाही. अण्णा?"

आत खुर्चीवर एक वृद्ध माणूस बसला होता. कपाळावर खरचटलेलं. तिला पाहून तो उठायला लागला आणि शाल्मली जागच्या जागी थबकली. तिच्या डोळ्यांसमोर आता वडील नव्हते, त्यांचा स्वभाव नव्हता, मैदान नव्हतं, दीड वर्षाचं भांडण नव्हतं. समोर होता एक माणूस, आणि ती त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत होती.

तो उठायला तीनदा झोके घेत होता. उभा राहिल्यावर त्याने पाय फाकवले, होडीत उभं राहतात तसे. मग त्याने चालायचा प्रयत्न केला. पावलं जमिनीवरून सुटतच नव्हती. जणू तळव्यांना कुणी डिंक लावून ठेवला होता. अगदी तोकडी, घसटती पावलं. वळायच्या वेळी तो थिजला. त्याचं सगळं अंग पुढे जाऊ पाहत होतं, आणि पाय मागे राहिले होते.

आणि चेहरा? त्या चेहऱ्यावर राग नव्हता. घुसमट होती, भीती होती, आणि प्रयत्न होता. इतका प्रयत्न, की मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"हे रुसलेले नाहीत," शाल्मली म्हणाली. गॅलरीत मदतनिसाला सांगायची तशा कोरड्या, मोठ्या आवाजात ती बोलत राहिली. "यांना चालायचंय. पाय उचलत नाहीत. दोन्ही सारखेच. वळताना अडकतात. विजार पुढून ओली आहे, पण न्हाणीघरातलं पाणी नाही ते."

आईच्या तोंडून हुंदका फुटला. "किती महिने झाले, लघवी झालेली कळत नाही त्यांना. मला शपथ घातली होती, शालूला सांगू नकोस म्हणून. मी म्हटलं, म्हातारपण."

अण्णांनी मान खाली घातली.

शाल्मलीला त्यांना धरायचं होतं. पण हात पुढे होईना. ज्या माणसाला धरायचं तो तिला परका दिसत होता आणि जी रडत होती तीही. ही माणसं पुन्हा आपली झालीच नाहीत तर, या विचाराने तिने मुजावर मॅडमना फोन लावला.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. "कुठे आहात? घरी? ठीक. डोळे मिटा. आईंना जवळ बसवा, त्यांचा हात धरा. त्यांना म्हणावं, बोलत राहा, काहीही. आणि तुम्ही एकच करायचं. त्या पुढे काय म्हणतील, ते आधी ओळखायचं."

"ओळखून काय होईल?"

"अंदाज बांधायचा, आणि तो खरा निघू द्यायचा. मेंदूला घरी परतायचा तेवढा एकच रस्ता ठाऊक आहे."

शाल्मली डोळे मिटून जमिनीवर बसली. एक खरखरीत हात तिच्या हातात आला.

"काय बोलू मी?" आई घाबरून म्हणाली. "हात बर्फासारखे झालेत तुझे. डबा नेला होतास का आज?"

आता विचारेल, जेवलीस का, शाल्मलीने मनाशी म्हटलं.

"जेवलीस का?"

अंधारात काहीतरी जागेवर बसल्यासारखं झालं.

आता म्हणेल, त्या कॅन्टीनचं खाऊ नकोस.

"त्या मेल्या कॅन्टीनचं तेलकट खातेस नि मग पित्त होतं. चेहरा बघ कसा ओढलाय. केसांना तेल नाही..."

आता केसांवरून हात फिरवेल. हात फिरला. शाल्मलीने डोळे उघडले, आणि समोर आई होती. सगळीच्या सगळी, सुरकुत्यांसकट. शाल्मलीने तिच्या कुशीत डोकं खुपसलं आणि लहान पोरीसारखी रडली.

बऱ्याच वेळाने तिने अण्णांकडे पाहिलं, आणि तिला धक्काच बसला. अण्णा पुन्हा रुसलेले दिसत होते! तीच खाली वळलेली मान, तेच घट्ट मिटलेले ओठ. दीड वर्ष पाहिलेला हट्टी म्हातारा जसाच्या तसा खुर्चीत परत येऊन बसला होता. मघाशी पाहिलं ते खरं, की हे?

मनाचा नकाशा परतला होता, आणि येताना आपली जुनी चूकही घेऊन आला होता. शाल्मलीला ते कळलं. तरी डोळ्यांना समजावता येईना. तिने तो प्रयत्नच सोडला. डोळ्यांना दिसू दे काय दिसायचं ते. ती अण्णांपुढे गुडघ्यांवर बसली.

"अण्णा, तुम्ही रुसलेले नाही ना?"

या वेळी ती थांबून राहिली. शब्द येईपर्यंत उठली नाही. ते आले, एकेक करत.

"मला... वाटलं... रुसलोय."

"म्हणजे?"

"पाय उचलेना. म्हटलं, मनच नाही... म्हणून पाय नाहीत. सगळे म्हणत होते, रुसलाय. मलापण... तसंच वाटलं." त्यांनी श्वास घेतला. "मॅटचं... काय नाही गं. पोरं चांगली पळतात... मॅटवर."

*

कोल्हापूरच्या मेंदूतज्ज्ञांनी अण्णांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि डोक्याचं स्कॅन काढलं. मग मायलेकींना बोलावून चित्र दाखवलं. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात. अण्णांच्या पोकळ्या फुगल्या होत्या.

"आत सतत पाणी तयार होतं आणि ते जिरतं. यांचं नीट जिरत नाहीये. फुगलेल्या पोकळ्यांचा भार आजूबाजूच्या तंतूंवर येतो. चाल जाते, लघवीवरचा ताबा जातो, विचार मंदावतो. लोक म्हातारपण म्हणून सोडून देतात."

"आणि उपाय?" शाल्मलीने विचारलं.

"बऱ्याच जणांना फरक पडतो. आधी चाचणी करू. कमरेतून थोडं पाणी काढायचं आणि बघायचं."

सकाळी पाणी काढलं. दुपारी फिजिओथेरपीची मुलगी अण्णांना व्हरांड्यात घेऊन आली. शाल्मली बाकावर आईचा हात धरून बसली होती. अण्णा उभे राहिले, एका झोक्यात. पहिलं पाऊल घसटलं. दुसरं थोडं उचललं. तिसऱ्याला टाच आधी टेकली आणि मग चवडा. आईच्या बोटांची पकड शाल्मलीच्या हातावर घट्ट झाली. अण्णा व्हरांड्याच्या टोकाला पोचले. आता वळायचं होतं.

ते वळले.

"अगं बाई," आई म्हणाली.

चार दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारी एक बारीक नळी कातडीखालून बसवली. सगळं काही परत आलं नाही. हिवाळ्यात ऐकलेल्या कित्येक गोष्टी अण्णांना आठवत नव्हत्या, आणि काठी लागणार होती. पण दुसऱ्या आठवड्यात ते फिजिओथेरपीच्या मुलीशी वळताना भार कुठल्या पायावर घ्यायचा यावरून हुज्जत घालू लागले, आणि तिने शेवटी हात जोडले.

मुजावर मॅडम भेटायला आल्या होत्या. जिन्यावर शाल्मलीने त्यांना विचारलं, "पट्टी नसती तर मला दिसलंच नसतं?"

"कदाचित उशिरा दिसलं असतं. पण पट्टीने फक्त दाखवलं. नंतर तुमचा नकाशा परत आला, तेव्हा तुम्ही त्याच्यावर विश्वास न ठेवता वडिलांना विचारलंत. त्याला यंत्र लागत नाही." मग त्या हसल्या. "आणि पुन्हा ओळखीच्या खोलीतून पळालात, तर मी स्वतः तुम्हाला कुलूप घालीन."

घरी सोडलं त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. वाटेत रसाच्या गुऱ्हाळापाशी अण्णांनी जीप थांबवायला लावली. आई मागे पेंगत होती. शाल्मली दार उघडायला धावणार, तोवर अण्णांनी आपणच दार उघडलं, काठी टेकली आणि ते उतरले.

ती सावलीत उभी राहून बघत राहिली. फार सावकाश चालले होते ते. पाठीला पोक आलं होतं, हे तिला आजच दिसलं. डावा खांदा थोडा उतरलेला. मानेवर टाके घातल्याची खूण. पायांत नव्या वहाणा, आणि प्रत्येक पावलागणिक वहाण आणि जमीन यांच्यामध्ये स्पष्ट दिसणारी फट.

गुऱ्हाळवाल्याला तीन ग्लास सांगून अण्णा मागे वळले. ती तिथेच उभी.

"काय बघतेस?"

"तुम्हाला."

अण्णांनी क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं. "मग इकडे येऊन बघ की," ते म्हणाले. "बर्फ वितळेल."

ती गेली.